घरघर, उतरती तार आणि नागोया

अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात विजेवर वाजणारं तारवाद्य कोणी रुजवलं असं विचारलं, तर लोक एखाद्या लांब केसांच्या रॉकवाल्या पोराकडे बोट दाखवतील. मी बेंजोवाल्यांकडे दाखवतो. आगऱ्यांच्या हळदीत आणि गणपतीच्या मिरवणुकीत गाडीवर भोंगे बांधून जी बेंजो पार्टी वाजते, तिच्यातला बेंजो म्हणजे बुलबुलतरंग. वर टाइपरायटरसारखी बटणं, खाली पोलादी तारा आणि तारांखाली पिकअप. चुंबक, आणि त्याभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. इलेक्ट्रिक गिटार उघडली तरी आत याहून वेगळं काही निघत नाही. रवी जाधवांचा ‘बँजो’ हा चित्रपट २०१६ साली आला तेव्हा मोठ्या शहरातल्या बऱ्याच जणांना हे वाद्य नव्याने कळलं. आमच्याकडे ते दर भाद्रपदात खिडकीच्या काचा हलवत होतं.

मी अंबरनाथच्या एका कारखान्यात टूलरूमला होतो. डाय, जिग, फिक्स्चर, हेच आयुष्य. हे गाव बाहेरच्यांना शिलाहारांच्या शिवमंदिरासाठी माहीत, पण इथल्या माणसाच्या हाताला वळण लावलं ते विमकोच्या काडेपेट्यांनी, आयुध निर्माणीने, मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरीने आणि एमआयडीसीतल्या शेडींनी. शिफ्ट सुटली की बेंजोवाले जळलेली कॉइल घेऊन दारात उभे असायचे. मोटर रिवाइंड करणारा आणि पिकअप गुंडाळणारा यांत त्यांच्या लेखी फरक नव्हता. मलाही नंतर तो फारसा उरला नाही. गिटारवाले आले ते त्यांच्या मागून, आणि तक्रार तीच घेऊन आले: “काका, हमिंग येतेय.”

ही घरघर कुठून येते ते उल्हासनगरात राहिलेल्याला सांगावं लागत नाही. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावे खाते. प्रत्येक ट्रान्सफॉर्मर, ट्यूबलाइटचा चोक, शिलाई मशीनची मोटर तो हेलकावा हवेत सोडत असते. एकेरी कॉइलचं पिकअप हे सगळं इमानदारीने गोळा करतं आणि अँप्लिफायरमधून ऐकवतं. कॅम्प पाचमध्ये जीन्स शिवणाऱ्या गाळ्यांच्या वरच्या माळ्यावर गिटार लावून बघा. खाली दहा-बारा मशिनी चालू असतील, तर वर गाणं कमी आणि गिरणी जास्त ऐकू येईल.

या घरघरीवरचा उपाय अमेरिकेत गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर नावाच्या माणसाने पक्का केला. २२ जून १९५५ला त्याने पेटंटचा अर्ज टाकला. ते हातात पडलं २८ जुलै १९५९ला. कल्पना एका ओळीची आहे. एकाऐवजी दोन कॉइल घ्यायच्या, एक सुलटी, एक उलटी, आणि दोघींच्या चुंबकांची टोकंही एकमेकांच्या उलट. बाहेरून आलेली घरघर दोन्ही कॉइलींत विरुद्ध दिशेने वाहते आणि आपसात कटते. तारेचा आवाज मात्र दोनदा उलटल्यामुळे पुन्हा सुलटा होतो आणि बेरीज होऊन येतो. हा हंबकर. एका कॉइलीला साधारण पाच हजार वेढे. लव्हरच्या आधी कोणाला हे सुचलंच नव्हतं असं नाही. १९३० च्या दशकातही घरघर मारणाऱ्या जोड-कॉइलींची पेटंटं निघाली आहेत आणि ग्रेच कंपनीसाठी रे बट्स त्याच सुमाराला असंच पिकअप बनवत होता. पण गिटारच्या पोटात बसून जगभर गेला तो लव्हरचा.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट चिकटपट्टीची. पेटंट मिळेपर्यंत १९५७पासूनच्या पिकअपांच्या पाठीवर ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशी बारकी पट्टी असायची. आज जुन्या बाजारात त्या पट्टीचीच किंमत होते. पुढे पेटंट नंबर छापायला लागले, तर नंबर भलताच: २,७३७,८४२. तो पिकअपचा नाहीच, लेस पॉलच्या टेलपीसचा आहे. नकलाकारांनी पेटंट ऑफिसात जाऊन भलताच कागद उघडावा म्हणून मुद्दाम केलं, असं म्हणतात. खरं असो नसो, उल्हासनगरच्या गजानन मार्केटातला कोणीही दुकानदार या युक्तीला मान डोलावेल.

उल्हासनगरावरचा ‘मेड इन यूएसए’चा, म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’चा, विनोद आता इतका शिळा झालाय की तो सांगणाऱ्याच्या अंगावर बहुतेक वेळा कॅम्पातच शिवलेली जीन्स असते. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित येऊन पडले. ८ ऑगस्ट १९४९ला राजगोपालाचारींच्या हस्ते शहराची कोनशिला बसली. हातात भांडवल नाही, जमीन नाही. समोर दिसेल ती वस्तू उघडून बघायची आणि तशीच बनवायची, यावर त्यांनी शहर उभं केलं. गिटारच्या जगात हेच काम जपानने केलं, आणि तिथे त्याला कोणी हसलं नाही, खटला भरला. १९७७ साली गिब्सनच्या मालक कंपनीने, नॉर्लिनने, आयबानेझच्या अमेरिकेतल्या वितरकावर गिटारच्या डोक्याचा आकार चोरल्याचा दावा ठोकला. आयबानेझची कंपनी होशिनो गाक्की. मूळची पुस्तकाच्या दुकानातली संगीत शाखा, १९०८ सालची, नागोया शहरातली.

आणि बुलबुलतरंग? तोही नागोयाचा. १९१२ साली मोरिता गोरो नावाच्या माणसाने तिथे ताइशोगोतो हे बटणांचं तारवाद्य काढलं. आपल्या बेंजोचा तो बाप. हळदीतला बेंजो आणि मेटलवाल्या पोराची काळी गिटार यांचं गाव एकच आहे हे मी दोन्ही पार्ट्यांना सांगून पाहिलं. दोघांनाही आनंद झाला नाही.

आता दुसरं दुखणं. गिटारच्या ब्रिजला दांडा लावून सूर खालीवर हलवायची सोय लिओ फेंडरने १९५४ साली स्ट्रॅटोकास्टरला दिली. गोड, हलकी थरथर यावी एवढाच त्यामागचा विचार. पुढे जिमी हेंड्रिक्सने तोच दांडा गाडीच्या गिअरसारखा ओढला आणि तारा दर गाण्याला उतरायला लागल्या. तार सैल पडली की नटच्या खाचेत आणि खुंटीवरच्या वेढ्यांत सरकते, परत ताणली की जुन्या जागी येत नाही. घर्षणाचा साधा मामला. फ्लॉइड रोझ नावाचा एक वादक या कटकटीला वैतागला. हा बाबा दागिने घडवायच्या कामात होता, त्यामुळे हातात बारीक हत्यारं होती. त्याने तार नटपाशीच पकडीत आवळून टाकली, आणि दुसऱ्या टोकालाही ब्रिजमध्ये. दोन्हीकडून जखडलेली तार सरकणार कुठे? पेटंट १९७९चं.

टूलरूमच्या माणसाला यातली खरी मजा पुढे आहे. पहिले नमुने पितळेचे होते, ते झिजले. मग तो कडक केलेल्या पोलादावर आला. तरी एक घोळ उरला: तारा एकदा आवळल्या की खुंट्या निकामी, म्हणजे उकाड्याने सूर जरा हलला तरी सगळे बोल्ट सैल करा, सुरात आणा, पुन्हा आवळा. म्हणून ब्रिजवरच बारीक सूर लावायचे स्क्रू आले. एक दोष काढला की त्यातून दुसरा निघतो आणि त्याच्यावर पुन्हा काम होतं. प्रत्येक चांगली डाय अशीच तयार होते. एडी व्हॅन हॅलनने आधीच, १९७८च्या पहिल्या रेकॉर्डच्या सुमाराला, स्ट्रॅटच्या आकाराच्या लाकडात गिब्सनचा हंबकर मेणात बुडवून बसवला होता. मेण यासाठी की मोठ्या आवाजात कॉइल शिट्टी मारू नये. पुढे त्याने रोझचा ब्रिजही घेतला. क्रेमर कंपनीने तो विकला, जर्मनीच्या शालरने घडवला, जपान-कोरियाने परवाना घेऊन किंवा न घेता बनवला. १९८७ साली आयबानेझने स्टीव्ह वायसाठी जेम आणि तिच्यावरून आरजी काढली, तेव्हा हंबकर आणि लॉकिंग ब्रिज ही जोडी कायमची जमली.

त्या काळात हे आपल्याकडे कुठून येणार? आयात जवळजवळ बंद. मिळायची ती कोलकात्याची गिव्हसन, नाहीतर हॉबनर. नावंसुद्धा कोणाला तरी लांबून ओळख देणारी. चांगलं वाद्य यायचं ते बोटीवरच्या गोवेकराच्या सामानातून किंवा आखातातल्या मामाकडून. धोबी तलावाला फुर्टाडोजच्या काचेबाहेर उभं राहून बघणं फुकट होतं. तिथून जवळच रंगभवनात ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ भरायचा. रॉक मशीन या बँडमध्ये महेश तिनईकर वाजवायचे. त्यांची पहिली कॅसेट १९८८ची. आमच्या पट्ट्यातली पोरं शेवटची कर्जत चुकू नये म्हणून अखेरचं गाणं सोडून व्हीटीकडे पळायची. त्या लोकलच्या डब्यात झालेल्या चर्चांमध्ये मी फ्लॉइड हा शब्द पहिल्यांदा ऐकला, आणि मला ते एखाद्या गायकाचं नाव वाटलं नाही कारण पोरगा हाताने बोल्ट आवळून दाखवत होता. १९९१ नंतर आयात सैल झाली, केबलवर एमटीव्ही आला, मग चिनी आणि इंडोनेशियन गिटारी, मग सेकंडहँड बाजार. माझा खरा धंदा तो.

कारण विकत घेण्याआधी पोरं गिटार माझ्याकडे आणतात. गेल्या पावसाळ्यात उल्हासनगरच्या १७ सेक्शनमधल्या एकाने आणली तशी. काळी, दोन हंबकर, लॉकिंग ब्रिज, मानेमागे ‘मेड इन जपान’.

“काका, ओरिजिनल आहे का तेवढं बघा ना.”

“ओरिजिनल जाऊ दे. चालतेय का ते बघू.”

आधी मी चुंबक लावतो. ब्रिजची पाटी पोलादाची असेल तर चुंबक चिकटतो, जस्ताच्या ओतीव मिश्रधातूची असेल तर घसरून पडतो. पडला. मग दांडा पार खाली दाबून सोडला आणि ट्यूनर बघितला: सूर थोडा खाली. दांडा वर ओढून सोडला: सूर थोडा वर. ब्रिज दोन खांबांवर दोन धारांनी टेकलेला असतो, सुरीच्या धारेसारख्या; मागे स्प्रिंगा आणि पुढे तारा यांच्या ओढाताणीत तो तरंगतो. धार बोथट झाली की तो कुठून आला त्याप्रमाणे वेगळ्या जागी थांबतो. भिंगाखाली धारेवर स्पष्ट खाच होती, आणि खांबालाही तशीच. पोरगा म्हणाला, “घासून देता येईल ना?” पोलाद असतं तर दगडावर हलक्या हाताने काढलंही असतं. जस्ताच्या धारेला कितीही घासा, चार महिन्यांत पुन्हा तेच. नटच्या तीन बोल्टांपैकी एकाची षटकोनी खाच गोल झालेली. आवळताना जोर लावणारे खूप असतात. योग्य मापाची ॲलन की घेणारे कमी.

मग मीटर. मागच्या पिकअपचा रोध आठ हजार ओहमच्या आसपास, म्हणजे जुन्या गिब्सन पद्धतीचा मवाळ हंबकर. मेटलसाठी बनवलेले जाड आवाजाचे याच्या दुप्पट दाखवतात. पुढच्याचा मात्र चारच हजार. आणि वाजवला तर घरघर. हंबकर असून हमिंग, म्हणून विकणारा खोटं बोलतोय अशी पोराची खात्री झाली होती. मी मागचं झाकण काढलं. दोन कॉइल जिथे एकमेकींना जोडतात त्या दोन वायरी कोणीतरी पॉटच्या पाठीवर डाग देऊन अर्थ केल्या होत्या. म्हणजे एक कॉइल कायमची झोपलेली आणि दुसरी एकटी सगळी घरघर गोळा करतेय. मुद्दाम असं करतात, एकेरी कॉइलचा कोरडा, टोकदार आवाज हवा असला की. पण त्यासाठी स्विच लावायचा असतो. डाग सोडवला, दोन्ही वायरी जोडून टेप मारला. आठ हजार. घरघर बंद.

झाकणाच्या आत मला आणखी एक रेघ दिसली, स्प्रिंगांच्या खोबणीत, पिवळसर, एका पातळीत. ती पाण्याची. २६ जुलै २००५ नंतर आणि पुन्हा २०१९च्या जुलैत, महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुरात अडकली होती त्या आठवड्यानंतर, अशा रेघांची वाद्यं माझ्याकडे ढिगाने आली. हेंद्रेपाड्यातली एक बेंजोची पेटी तर चिखलाने भरलेली. पुरातली गिटार वरून पुसून चकचकीत करता येते. मानेतल्या पोलादी दांड्याचं तसं नाही. म्हणून त्याचा नट पाव फेरा फिरवून बघितला. फिरला, मान हलली, परत आली. लाकूड सुकलं होतं, वाकलं नव्हतं. रेघ फक्त खोबणीपुरती. मला वाटतं गिटार खाटेवर होती आणि पाणी खाटेपर्यंतच आलं.

पोराने डोक्यावरच्या नावाबद्दल पुन्हा विचारलं. मी म्हटलं, नाव खोटं असेल तरी मान खरी आहे, आणि तुला वाजवायची मान आहे. ब्रिज आणि खांब पोलादी घाल, मापं मी काढून देतो. पिकअपांना हात लावू नकोस. सांगितलेल्या किमतीतून ब्रिजचे पैसे कापून बोल, आणि पाण्याची रेघ विकणाऱ्याला दाखव. ती त्यालाही माहीत आहे.

तो बाहेर ओट्यावर जाऊन फोनवर बोलत बसला, अर्धं सिंधीत, अर्धं हिंदीत. तोवर मी बेंजोवाल्यांची पेटी पुढे ओढली. गणपती जवळ आले होते, त्यांना जनरेटरवर घरघर नको होती, आणि बुलबुलतरंगाच्या बटणांखाली दोन कॉइली मावतील एवढी जागा असते का, हे मी मोजायला घेतलं होतं.