आवाजावरील जकात



युरोपात पोटासाठी गेलेल्या आफ्रिकी माणसाला आपल्या घरच्या माणसांशी टेलिफोनवर बोलावयास काय मोल द्यावे लागे, आणि ते मोल कोणाकोणाच्या खटपटीने उतरत गेले, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. वरवर पाहता हा रूक्ष दरपत्रकाचा विषय वाटेल; परंतु दरपत्रक हाही इतिहासाचा एक दस्तऐवजच असतो. पॅरिसहून डाकार किंवा लंडनहून लेगॉस १९७० साली जितके दूर होते तितकेच आजही दूर आहे. अंतर तसूभरही कमी झालेले नाही. असे असता, ज्या बोलण्यासाठी एके काळी पैसा गाठीला बांधून ठेवावा लागे ते आज जवळजवळ फुकट कसे झाले? माझे उत्तर थोडक्यात असे आहे की, आरंभी अंतराचा खर्च खराच मोठा होता. पण तो उतरल्यानंतरही कित्येक वर्षे भाव त्या मानाने उतरला नाही, कारण वाटेवर जकातीचे नाके होते. त्या नाक्यांवर जमणारा पैसा सर्वस्वी अन्यायाचा होता, असेही म्हणता येत नाही. ही गुंतागुंत उलगडून पाहिल्यावाचून या स्वस्ताईचा इतिहास नीट समजावयाचा नाही.

प्रथम तारायंत्राकडे वळू. १८७० साली मुंबई ही एडन व सुएझ यांच्या मार्गाने, समुद्राखालच्या तारेने इंग्लंडशी जोडली गेली. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला मात्र अशी तार अद्याप पोहोचली नव्हती. २२ जानेवारी १८७९ रोजी इसांडलवाना येथे झुलू सैन्याने ब्रिटिश फौजेचा धुव्वा उडविला. ही वार्ता लंडनला कळावयास सुमारे तीन आठवडे लागले, कारण वाटेचा मोठा टप्पा तिला बोटीने ओलांडावा लागला. या धक्क्याने सूत्रे हलली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस एडनपासून झांझिबार व मोझांबिक यांवरून डर्बनपर्यंत तार टाकली गेली. म्हणजे जी तार मुंबईला लंडनशी जोडीत होती, तिच्याच एडनच्या ठाण्यापासून आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याची फांदी फुटली. कोणा मातेला आपल्या दूरदेशीच्या मुलाची खुशाली कळावी, या हेतूने ही तार टाकलेली नव्हती. राज्यकारभार, लष्कर आणि व्यापारी पेढ्या यांची ती सोय होती. सोय राज्यकर्त्यांची आणि भावही राज्यकर्त्यांना परवडणारा, हा तेव्हा पडलेला पायंडा पुढे फार काळ टिकला.

माणसाचा प्रत्यक्ष आवाज महासागरापलीकडे नेण्याचे काम प्रथम बिनतारी विद्येने केले. १९२७ साली लंडन व न्यूयॉर्क यांच्यामध्ये टेलिफोन सुरू झाला, तेव्हा तीन मिनिटांच्या संभाषणाला पंधरा पौंड पडत. १९३२ साली ब्रिटन व दक्षिण आफ्रिका यांच्यामध्ये अशीच सोय झाली. आपल्या मुंबईचा लंडनशी टेलिफोन त्याच्या पुढच्याच वर्षी, म्हणजे १९३३ साली सुरू झाला. लघुलहरी आकाशातील विद्युद्भारित थरावरून परतून पुन्हा भूमीकडे येतात, या गुणावर ही सारी योजना उभी होती. परंतु हा थर दिवसारात्रीप्रमाणे व ऋतूप्रमाणे बदलतो. त्यामुळे बोलण्याच्या वेळा ठरलेल्या असत, आवाज मध्येच विरून जाई, आणि एका वेळी मोजक्याच लोकांना बोलता येई. मोठमोठे मनोरे, बलवान प्रक्षेपक आणि बोटांवर मोजण्याइतकी गिऱ्हाइके, अशा स्थितीत भाव चढा असणे स्वाभाविकच होते. त्या काळापुरते अंतरच महाग होते असे म्हणावयास हरकत नाही.

हे चित्र पुढील तीस-चाळीस वर्षांत पालटले. १९६८-६९ साली पोर्तुगालमधील सेझिंब्रा येथून केप टाऊनजवळच्या मेल्कबॉसस्ट्रँडपर्यंत टेलिफोनची केबल समुद्रतळावर टाकण्यात आली. तिच्यावरून एकाच वेळी ३६० संभाषणे चालू शकत. त्याच सुमारास उपग्रहही आले. १९७० साली केनियात लाँगोनॉट येथे उपग्रहाशी बोलणारे भूकेंद्र उभे राहिले. हे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. आवाज वर जाऊन खाली येईपर्यंत पाव सेकंद निघून जाई आणि प्रश्नाचे उत्तर ऐकू येण्यास निदान अर्धा सेकंद लागे. दोघेही एकदम बोलू लागत, दोघेही एकदम थांबत, आणि थांबण्याचेही पैसे पडत. असो. एका वाटेवरून शेकडो बोलणी जाऊ लागली, तेव्हा दर बोलण्यामागचा खरा खर्च झपाट्याने उतरला. भाव मात्र त्याच्या मागोमाग उतरला नाही.

याची दोन कारणे होती. पहिले कारण वाटांच्या मांडणीत होते. वसाहतींच्या काळात प्रत्येक वसाहतीचा टेलिफोन तिच्या स्वामिराष्ट्राच्या राजधानीशी जोडलेला असे. शेजारच्या वसाहतीशी नसे. १९६० च्या सुमारास एकामागून एक देश स्वतंत्र झाले. ध्वज बदलले, पण तारा बदलल्या नाहीत. आफ्रिकेतील एका देशातून शेजारच्या देशात बोलावयाचे झाले तरी कित्येकदा आवाज पॅरिसला किंवा लंडनला जाऊन परत येई, आणि त्या वळशाचे भाडे द्यावे लागे. शिवाय देशाच्या आत तारांचे जाळे अगदीच विरळ होते. १९८५ साली सर डोनाल्ड मेटलंड यांच्या अध्यक्षतेखालील आंतरराष्ट्रीय आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. अवघ्या आफ्रिका खंडात जितके टेलिफोन होते त्याहून अधिक एकट्या टोकियो शहरात होते, ही त्यातील तुलना जगभर गाजली.

मग ज्याच्या घरी यंत्रच नाही त्याच्याशी बोलावयाचे कसे? लोकांनी आपापल्या परीने मार्ग काढले. फ्रान्समध्ये गेलेले उत्तर व पश्चिम आफ्रिकेतील मजूर ध्वनिफितीवर आपले बोलणे मुद्रित करून, सुट्टीवर निघालेल्या गाववाल्याच्या हाती ती फीत घरी पाठवीत. समाजशास्त्रज्ञ अब्देलमालेक सयाद यांनी अशा बोलक्या पत्रांचा अभ्यास केला आहे. ज्यांना लिहितावाचता येत नव्हते, त्यांना तर पत्रलेखकाच्या मध्यस्थीवाचून मनातले बोलण्याचा हाच एक मार्ग होता. पुढे गावात एखाद्या दुकानदाराकडे टेलिफोन आला की परदेशातील मुलगा वेळ ठरवून तेथे टेलिफोन करी. कोणीतरी धावत जाऊन आईला बोलावून आणी. सेनेगलमध्ये १९९० नंतरच्या दशकात अशी खासगी टेलिफोन-दुकाने हजारोंनी निघाली आणि अनेकांच्या उपजीविकेचे साधन बनली.

महागाईचे दुसरे कारण हिशेबाच्या पद्धतीत होते, आणि तोच आपला जकातीचा नाका. १८६५ साली पॅरिस येथे आंतरराष्ट्रीय तारसंघ स्थापन झाला. त्याच्या परंपरेतून अशी रीत पडली की, दोन देशांच्या टेलिफोन खात्यांनी मिनिटामागे एक हिशेबी दर ठरवावा आणि तो निम्मानिम वाटून घ्यावा. समजा, दर दोन रुपये ठरला. तर फ्रान्सने सेनेगलला केलेल्या प्रत्येक मिनिटाबद्दल फ्रान्सने एक रुपया द्यावयाचा, आणि सेनेगलने फ्रान्सला केलेल्या मिनिटाबद्दल सेनेगलने. शेवटी वजाबाकी करून ज्याच्याकडे बाकी निघेल त्याने ती चुकती करावयाची. आता बोलणी दोन्हीकडून सारखी नसत. ज्याच्या हाती पैसा तो टेलिफोन करी. अर्थात युरोपातून आफ्रिकेकडे जाणारी मिनिटे अधिक. पुढे मोबाइल आल्यावर तर घरच्यांनी नुसती घंटा वाजवून बंद करावयाची आणि युरोपातल्या मुलाने उलट टेलिफोन करावयाचा, ही रीत तेथेही आपल्याकडच्या मिस्ड कॉलइतकीच रूढ झाली. यामुळे हिशेबाची बाकी वर्षानुवर्षे आफ्रिकी देशांच्या पदरात पडे, आणि तीही परकीय चलनात.

येथे थोडे थांबून दोन्ही बाजूंचा विचार केला पाहिजे. ज्या देशाला डॉलर आणि फ्रँक यांची नेहमी चणचण, त्याला हा पैसा मोठा आधार होता. खांब, तारा, यंत्रे आणि नोकरांचे पगार यांसाठी तो उपयोगी पडे. श्रीमंत देशांनीच आपली वाटणी सोडावी आणि गरिबांची जाळी बांधू द्यावीत, हा युक्तिवाद पोकळ नव्हता. परंतु हा पैसा खरोखर श्रीमंत देश देत होते काय? तो पॅरिसच्या कारखान्यात राबणारा मालीचा मजूर देत होता, लंडनच्या इस्पितळात रात्रपाळी करणारी घानाची परिचारिका देत होती. शिवाय युरोपातील मक्तेदार खातीही हिशेबी दराच्या वर आपला भरघोस नफा चढवीत. जमलेल्या पैशातून तारांचे जाळे पुष्कळदा वाढलेच नाही. तो सरकारच्या इतर खर्चात विरून गेला. गरीब राष्ट्राचा कर गरीब माणसाच्या मायेवर बसला होता.

जेथे नाका असतो तेथे आडवाटही निघते. १९९० च्या सुमारास उलट-टेलिफोनाची युक्ती निघाली. अमेरिकेतील एका क्रमांकाला घंटा देऊन बंद करावयाचे. तेथील यंत्र आपल्याला उलट टेलिफोन करी आणि अमेरिकेच्या स्वस्त दराने जगात कोठेही जोडून देई. पुष्कळ आफ्रिकी सरकारांनी यावर बंदी घातली. १९९७ साली अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने आपल्या कंपन्यांनी परदेशांना द्यावयाच्या वाटणीवरच मर्यादा घातली. कमी उत्पन्नाच्या देशांसाठी ती मिनिटाला २३ सेंट होती. १ जानेवारी १९९८ पासून युरोपीय संघाच्या बहुतेक राष्ट्रांत टेलिफोनची मक्तेदारी संपली. आता नव्या कंपन्या घाऊक भावाने मिनिटे विकत घेऊन किरकोळीने विकू लागल्या, जसा एखादा वाणी गोणीतला तांदूळ शेराशेराने विकतो.

ही किरकोळ विक्री ज्या साधनाने झाली ते म्हणजे आगाऊ पैसे भरून घ्यावयाचे टेलिफोन-कार्ड. लंडनचे ब्रिक्स्टन, पॅरिसचे शातो रूज, ब्रुसेल्सचे मातोंगे अशा वस्त्यांतील दुकानांत रताळी, केळी आणि सुकी मासळी यांच्या शेजारी ही रंगीबेरंगी कार्डे टांगलेली दिसू लागली. कार्डावरचा गुप्त आकडा खरवडून काढावयाचा, स्थानिक क्रमांक फिरवावयाचा आणि आक्रा किंवा किन्शासा मागावयाचे. यातही लबाडी नव्हती असे नाही. जोडणीचे निराळे पैसे, अपुरे मिनिट पुरे धरणे, न वापरता उरलेली रक्कम हळूहळू कापून घेणे, या तक्रारी सर्वत्र होत्या. तरीही स्टीव्हन व्हर्टोव्हेक या अभ्यासकाने २००४ साली असे प्रतिपादन केले की, स्थलांतरितांची विखुरलेली कुटुंबे एकत्र सांधून ठेवण्याचे काम या स्वस्त टेलिफोनाने जितके केले तितके दुसऱ्या कशानेच क्वचित केले असेल.

यानंतरची आडवाट इंटरनेटची. आवाजाचे बारीक तुकडे करून ते पत्राच्या टपालाबरोबरच पाठवावयाचे, म्हणजे हिशेबी दराचा प्रश्नच उरत नाही. २००३ साली स्काइप निघाले. ते २०२५ साली बंदही झाले, पण आपले काम करून गेले. व्यापाऱ्यांनी निराळीच शक्कल लढविली. युरोपातला आवाज इंटरनेटवरून आफ्रिकेत आणावयाचा आणि तेथे डझनावारी स्थानिक सिमकार्डे भरलेल्या पेटीतून तो गावातलाच टेलिफोन आहे असे भासवून पुढे सोडावयाचा. ज्या आईला मुलाचा टेलिफोन येई तिला पडद्यावर आपल्याच शहरातला अनोळखी क्रमांक दिसे. सरकारे यामुळे चवताळली. घानाने बाहेरून येणाऱ्या टेलिफोनला २०१० पासून कायद्याने मिनिटाला किमान १९ सेंटांचा दर लावला. नाका उंच केला; परिणाम असा की, चोरट्या पेट्यांचा धंदा अधिकच किफायतशीर झाला.

दरम्यान समुद्राखाली काचतंतूंच्या केबली पसरत होत्या. २००२ साली सेझिंब्राहून निघालेली नवी केबल डाकार, आबिजान, आक्रा, लेगॉस अशी बंदरे घेत दक्षिण आफ्रिकेला पोहोचली. पूर्व किनारा मात्र उपग्रहावरच अवलंबून होता. तेथे २००९ साली केबली आल्या. २०१५ पासून व्हॉट्सॲपवरून बोलता येऊ लागले आणि मिनिटांचा हिशेब बहुतेकांपुरता इतिहासजमा झाला.

मग जकात उठली काय? माझ्या मते ती उठली नाही. तिची जागा बदलली. पूर्वी टेलिफोन करणारा पैसे देई, ऐकणाऱ्याला काही पडत नसे. आज युरोपातला मुलगा आणि गावातली आई, दोघांनाही इंटरनेटचे पैसे भरावे लागतात, आणि आफ्रिकेतील पुष्कळ देशांत ते तेथील मिळकतीच्या मानाने अजून जड आहेत. ज्या आईपाशी साधा मोबाइल आहे, तिला अजूनही जुन्याच वाटेने टेलिफोन करावा लागतो, आणि त्या वाटेवरचे दर आजही चढे आहेत. शिवाय वाटा अजून थोड्याच आहेत. १४ मार्च २०२४ रोजी आबिजानजवळ समुद्रात चार केबली एकाच वेळी निकामी झाल्या, तेव्हा पश्चिम आफ्रिकेतील अनेक देशांचा इंटरनेट काही दिवस पंगू झाला.

तात्पर्य, आवाज स्वस्त झाला तो कोणा एका शोधाने नव्हे, किंवा कोणाच्या दयेनेही नव्हे. शास्त्रज्ञांनी वाट रुंद केली. पण तिच्यावरचे नाके मोडले ते ज्यांना आपल्या माणसांशी बोलल्यावाचून राहवत नव्हते त्यांच्या खटपटीने. नाके मोडले याचा आनंद मानताना एवढे ध्यानात ठेवावे की, त्या नाक्यांवरच्या पैशाने जी गावे जोडावयाची होती, त्यांपैकी कित्येक अद्याप जोडावयाची राहिली आहेत, आणि तो खर्च कोणी करावयाचा हे अजून ठरलेले नाही.