हायलंडच्या पायतणाची कुळकथा

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील हायलंड या डोंगराळ मुलखातील किल्ट हा पुरुषी पोशाख साऱ्या जगाच्या परिचयाचा झाला असला, तरी त्याच्याखाली पायांत काय घालावे हा पेच तेथील नवरदेवाला आजही पडतो; आणि पोशाख भाड्याने देणारा दुकानदार त्याच्यापुढे जिभेवाचूनचा, लांबलचक नाड्या घोट्याभोवती गुंडाळावयाचा ‘गिली ब्रोग’ ठेवतो.

जुने दफ्तर मात्र निराळी साक्ष देते. १५४३ च्या सुमारास जॉन एल्डर नामक हायलंडी धर्मोपदेशकाने इंग्लंडच्या आठव्या हेन्रीस धाडलेल्या पत्रात आपल्या लोकांच्या पायतणाची कृतीच दिली आहे. तांबड्या हरणाची शिकार साधली, की सोललेल्या कातड्याच्या आतल्या बाजूवर अनवाणी पाऊल ठेवावे, घोट्यापर्यंत पुरेल एवढे माप घ्यावे, वरच्या भागास भोके पाडावीत आणि त्याच कातड्याच्या वादीने ते घोट्यावर आवळावे. भोके अशासाठी, की आत शिरलेले पाणी पुन्हा बाहेर पडावे. जेथे पाय कोरडा राहणे नाही, तेथे पाण्याशी वैर न धरता त्याला वाट करून देणारी ही युक्ती त्या संबंध पोशाखातील सर्वांत शहाणपणाची गोष्ट होय, असे माझे मत आहे.

कलोडनच्या लढाईत हायलंडी बंडखोरांचा पराभव झाल्यानंतर, १७४६ साली, सरकारने किल्ट व टार्टन हे चौकड्यांचे कापड यांस मनाई केली. पहिल्या गुन्ह्यास सहा महिने कैद आणि दुसऱ्यास सात वर्षे हद्दपारी. कायद्यात पायतणाचा नामनिर्देश नव्हता! १७८२ मध्ये मनाई उठली, आणि १८२२ मध्ये कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉटच्या योजकतेने खुद्द राजा चौथा जॉर्ज एडिंबरोत किल्ट नेसून मिरवला, तेव्हा रानातल्या वेषाला दरबारी प्रतिष्ठा लाभली. पुढे पायतणही दरबारी झाले: संध्याकाळच्या मेजवानीस चांदीच्या बक्कलाचा काळा जोडा आला, आणि पाण्यासाठी पाडलेली भोके आरपार न जाता नुसती नक्षी होऊन बसली. नाड्यांचे वेढे पोटरीपर्यंत नेणारे हौशी लोक नाचता नाचता त्या घसरल्या म्हणजे खजील होतात; जाणते घोट्याच्या वर दोन वेढ्यांवर थांबतात, आणि दिवसाउजेडी साधा, जाड तळव्याचा बूट खुशाल घालतात.

त्यांच्या पाठीशी पलटणींचा दाखला आहे. १९१४ साली हायलंडी शिपाई नीटस जोडे व त्यांवरून घोट्याभोवती बांधायच्या कापडी पट्ट्यांचा डौल सांभाळणारेच होते. परंतु फ्रान्समधील खंदकांच्या चिखलाने ते जोडे पायांतून ओढून घेतले, आणि लष्करी खात्याने मुकाट्याने त्यांना घोट्यावरचे बूट दिले.