हॉस्टेलचे वरचे दोन मजले

जुलै 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की 100 किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवाच. चांगलं झालं, हवाच होता. पण समजा, त्याच्यासमोर बसलेला मुलगा म्हणाला, "मला मेसमध्ये कुणी सोबत बसू देत नाही." मग समुपदेशकाने काय करायचं? हा प्रश्न आपल्याकडे जवळजवळ वीस वर्षांपूर्वी एकदा नीट विचारला गेला होता. आजची गोष्ट त्याचीच.

साल 2006. ओबीसी आरक्षणाविरोधात दिल्लीत आंदोलन पेटलं होतं आणि त्याचं एक मोठं केंद्र होतं एम्स. तिथल्या दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना त्रास होतोय अशा तक्रारी आल्या आणि सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारने तीन जणांची समिती नेमली. अध्यक्ष होते प्रा. सुखदेव थोरात. यूजीसीचे तेव्हाचे अध्यक्ष, आपल्या अमरावती जिल्ह्यातले, आणि बाबासाहेबांनी उभ्या केलेल्या औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकलेले.

मे 2007 मध्ये अहवाल आला. मी तो वाचायला घेतला तेव्हा वाटलं होतं, मानसिक ताण वगैरे असेल. पण त्यात चक्क हॉस्टेलचे मजले होते! छळाला कंटाळून मुलं खोल्या बदलत गेली आणि शेवटी दोन हॉस्टेल्सच्या वरच्या दोन मजल्यांवर गोळा झाली. मेसमध्ये वेगळी, क्रिकेट-बास्केटबॉलमधून बाहेर. शिक्षकांकडून पुरेशी मदत मिळत नाही, असं 69 टक्के विद्यार्थ्यांनी सांगितलं. प्रॅक्टिकल आणि तोंडी परीक्षेत न्याय होत नाही, असं 84 टक्के म्हणाले. लेखी पेपरवर निदान रोल नंबर तरी असतो; तोंडीला आख्खा माणूस समोर बसलेला असतो.

आम्ही सॉफ्टवेअरवाले एक गोष्ट पहिल्याच वर्षी शिकतो. एकाच स्क्रीनवर शंभर जण अडकत असतील, तर युजरला ट्रेनिंग देत बसायचं नसतं, स्क्रीन बघायची असते. थोरात समितीने स्क्रीन बघितली.

हॉस्टेलचा हा घोळ महाराष्ट्राला नवा नाही बरं का. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी आधी सगळ्या जातींसाठी एकच वसतिगृह काढून पाहिलं. कागदावर सगळ्यांना दार उघडं, प्रत्यक्षात राहिली ब्राह्मण मुलंच. मग 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं आणि पुढे एकेका समाजासाठी वेगळी बोर्डिंगं. गावाकडून आलेल्या पोराला आधी डोकं टेकायला जागा आणि दोन वेळचं जेवण हवं, हे महाराजांना कळलं होतं. फरक एवढाच, की तिथे वेगळी बोर्डिंगं मुलांना शिकता यावं म्हणून निघाली, आणि एम्समध्ये मुलं वेगळी झाली ती हाकलली गेल्यामुळे.

एम्सने अहवाल नाकारला. 2012 मध्ये यूजीसीने समतेचे नियम आणले: प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी. कागदावर छान. 2016 च्या जानेवारीत हैदराबादमध्ये रोहित वेमुलाने जीव दिला तेव्हा त्याला हॉस्टेलमधून काढलेलं होतं आणि सात महिन्यांची फेलोशिप थकलेली होती. 2019 मध्ये त्याची आई आणि मुंबईतल्या डॉ. पायल तडवीची आई, दोघी मिळून सुप्रीम कोर्टात गेल्या. त्यांचं मागणं नवीन काहीच नव्हतं: 2012 चे नियम खरोखर पाळा.

समुपदेशकाच्या खोलीबाहेर पाटी लागेल, वेळ लिहिलेली असेल, ती लागू दे. मला मात्र त्या संस्थेच्या हॉस्टेलचे मजले बघायचेत, आणि तोंडी परीक्षेचे मार्क कोण तपासतं तेही.

आणि हो, ऐकताना स्वतःचंच काही आठवून जड वाटलं असेल, तर टेली-मानसचा नंबर 14416. मोफत आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.