दिल्लीतलं महाराष्ट्र सदन: ते नेमकं कशासाठी आहे, आणि सामान्य माणसाला तिथं काय मिळतं?

टीव्हीवर दिल्लीची बातमी लागली की 'महाराष्ट्र सदनात बैठक', 'महाराष्ट्र सदनात पत्रकार परिषद' हे शब्द कानावर पडतातच. गावात या सदनाबद्दल दोन समज आहेत. एक, ते पुढाऱ्यांचं हॉटेल आहे. दुसरा, ती मराठी माणसाची धर्मशाळा आहे. दिल्लीत उतरायचं, आधार कार्ड दाखवायचं आणि खोली घ्यायची. दोन्ही समज अर्धवट आहेत. त्यातही दुसऱ्या समजापायी माणसाचे हाल होऊ शकतात. पेशंट सोबत असेल तर जास्तच.

सदनं दोन आहेत, हे आधी लक्षात ठेवा. जुनं महाराष्ट्र सदन कोपर्निकस मार्गावर, मंडी हाऊसजवळ. नवीन महाराष्ट्र सदन कस्तुरबा गांधी मार्गावर, इंडिया गेटच्या बाजूला. दिल्लीत या रस्त्याला सगळे 'केजी मार्ग' म्हणतात. रिक्षावाल्याला नुसतं 'महाराष्ट्र सदन' सांगितलं तर तो कुठल्या दारात सोडेल याचा नेम नाही. म्हणून रस्त्याचं नाव सांगायचं. कार्यक्रमाचं किंवा मुलाखतीचं पत्र असेल तर त्यावर 'जुने' आहे की 'नवीन' हे गाडीत बसण्याआधीच बघून घ्यावं.

नवीन सदनाचं उद्घाटन जून २०१३ मध्ये तेव्हाचे राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते झालं. तेव्हा पृथ्वीराज चव्हाण मुख्यमंत्री होते आणि बांधकाम खातं छगन भुजबळांकडे होतं. आता बातम्यांत दिसतं ते बहुतेक वेळा हेच नवीन सदन.

खोल्यांपेक्षा मोठं काम

मुक्कामाच्या खोल्या हा सदनाचा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा म्हणजे राज्य सरकारचं दिल्लीतलं ऑफिस. त्याचे प्रमुख निवासी आयुक्त. हा आयएएस अधिकारी असतो. दुसऱ्या देशाची आपल्याकडे वकिलात असते, साधारण तसंच राज्याचं हे कार्यालय समजा. फरक एवढाच की इथं कुठला निर्णय होत नाही. इथून पाठपुरावा होतो. मंत्रालयातली फाईल केंद्राच्या कुठल्या टेबलावर अडकली आहे, कुठला कागद कमी आहे, मंत्र्यांच्या भेटीची वेळ कधी मिळते, ही कामं दिल्लीत बसूनच होतात.

याचा आपल्या शिवाराशी काय संबंध? बराच आहे. दुष्काळ, गारपीट किंवा किडीमुळे पीक गेलं, तर केंद्राच्या मदतीसाठी राज्याचं निवेदन केंद्रीय कृषी मंत्रालयाकडे जातं. पूर आणि अतिवृष्टीचं निवेदन जातं गृह मंत्रालयाकडे. मग केंद्राचं पथक येतं, बांधावर उभं राहून पाहणी करतं, अहवाल देतं आणि त्यानंतर दिल्लीत उच्चस्तरीय समिती आकडा ठरवते. आपल्याला दिसतात फक्त पथकाच्या गाड्या. त्याच्या आधीची आणि नंतरची सगळी ये-जा कागदांची असते. निवेदन मुंबईत तयार होतं, पण त्याच्या मागे लागणारं माणूस दिल्लीत असावं लागतं.

कांद्याचं तर विचारूच नका. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातच बंद झाली, ती मे २०२४ मध्ये उठली आणि शुल्क पूर्ण निघायला एप्रिल २०२५ उजाडलं. यातला एकही निर्णय मुंबईत झालेला नाही. अशा वेळी आपले मंत्री, आमदार, शेतकऱ्यांची शिष्टमंडळं दिल्लीला जातात. सदन त्यांच्या हाताशी असतं. तिथं बसून निवेदन नीट करायचं आणि मग केंद्रीय मंत्र्यांच्या दारात जायचं. त्यातून लगेच निकाल लागतोच असं नाही, आणि तो दोष सदनाचाही नाही.

खोली कोणाला मिळते?

सदन राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाच्या राजशिष्टाचार शाखेखाली येतं. राजशिष्टाचार म्हणजे कोणाचा मान किती आणि व्यवस्था कशी याचं खातं. खोल्यांचा क्रमही तसाच लागतो. राज्यपाल, मुख्यमंत्री, मंत्री, न्यायमूर्ती, खासदार, आमदार आणि सरकारी कामावर आलेले अधिकारी आधी. खासगी कामासाठी आलेल्या माणसाचा नंबर त्यानंतर. तोही खोली रिकामी असेल तर, आणि दर सरकारी कामावरच्या माणसापेक्षा जास्त. निवडणुकीनंतर नवे खासदार दिल्लीत येतात, तेव्हा सरकारी घर मिळेपर्यंत त्यांचा मुक्काम बऱ्याचदा राज्याच्या सदनातच असतो. अधिवेशनाच्या दिवसांत तर खोली मिळण्याची आशा धरूच नये.

खासदार-आमदारांचं पत्र नेलं की काम झालं, असं गावात सांगितलं जातं. पत्राचा उपयोग होतो, नाही असं नाही. पण पत्र म्हणजे बुकिंग नव्हे. गाडीत बसण्याआधी सदनाकडून 'खोली दिली' असं लेखी आलं असेल तरच भरवसा ठेवा. 'साहेबांनी फोन केलाय, जा तुम्ही' एवढ्यावर म्हातारी माणसं घेऊन निघू नये. आणि कोणी 'सदनात खोली लावून देतो' म्हणत पैसे मागत असेल तर सरळ नाही म्हणा. भाडं भरायचं ते सदनाकडे, पावती घेऊन.

एम्सला जाणाऱ्यांनी हे आधी वाचा

एम्समध्ये पेशंट घेऊन जाणारे बरेच जण आधी सदनाची चौकशी करतात. अडचण अशी की एम्सचे उपचार एका दिवसात संपत नाहीत. तपासणीची तारीख, रिपोर्टची तारीख, पुन्हा बोलावणं यात आठवडे जातात. सदनातला मुक्काम इतका लांबत नाही आणि इंडिया गेटपासून रोज एम्सला ये-जा करणं पेशंटला झेपत नाही. एम्सच्याच परिसरात पेशंट आणि नातेवाइकांसाठी धर्मशाळा आहेत, त्यांना 'विश्राम सदन' म्हणतात. नावात सदन आहे म्हणून घोळ होतो, पण त्यांचा महाराष्ट्र सदनाशी काही संबंध नाही. तिथं डॉक्टरांच्या कागदांवर जागा मिळते, म्हणून ओपीडीचा केसपेपर हातात आला की लगेच त्याच दिवशी चौकशी करावी. एक-दोन रात्रींची निकड असेल तर कॅनॉट प्लेसजवळ गुरुद्वारा बंगला साहिब आहे. तिथं लंगरात कोणालाही जेवायला मिळतं आणि यात्रेकरूंसाठी निवासही आहे. नांदेडच्या लोकांना गुरुद्वाऱ्याची रीत सांगायला नको. त्यांची सचखंड एक्सप्रेसही नवी दिल्ली स्टेशनावर थांबते, आणि तिथून बंगला साहिब जवळच.

मग सामान्य घरातल्या माणसाला सदनाचा उपयोग होतो कधी? सगळ्यात चांगलं उदाहरण यूपीएससीचं. पूर्व आणि मुख्य परीक्षा राज्यात देता येते, पण मुलाखत दिल्लीतच, शाहजहान रोडवरच्या धोलपूर हाऊसमध्ये होते. ती इमारत केजी मार्गावरच्या सदनापासून फार लांब नाही. मुलाखतीला पात्र ठरलेल्या महाराष्ट्रातल्या उमेदवारांची राहण्याची सोय सदनात केली जाते आणि तिथं सराव मुलाखतीही झालेल्या आहेत. शेतमजुराच्या, एसटी कंडक्टरच्या घरातून आलेल्या पोराला दिल्लीचं हॉटेल परवडत नाही. मुलाखतीच्या आदल्या रात्री शांत झोप आणि सकाळी ओळखीच्या चवीचा नाश्ता मिळाला, तर त्याचा फरक पडतो. ज्यांच्या घरात असा उमेदवार आहे, त्यांनी मुख्य परीक्षेचा निकाल लागल्याबरोबर अर्ज करावा.

दुसरी वेळ संकटाची. फेब्रुवारी-मार्च २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध सुरू झालं आणि तिथं एमबीबीएस करणारी आपली पोरं 'ऑपरेशन गंगा'च्या विमानांनी परतू लागली. दिल्लीत उतरलेल्या मुलांसाठी विमानतळावर महाराष्ट्राचा मदत कक्ष होता. मुलांना सदनात आणायचं आणि तिथून घरी रवाना करायचं, असं ते काम चाललं. उत्तरेकडं कुठं यात्रेकरू किंवा विद्यार्थी अडकले, तर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आपत्ती कक्षाला आधी कळवा. तिथून पुढं राज्याचा नियंत्रण कक्ष आणि दिल्लीतलं सदन यांच्याशी संपर्क साधला जातो. अडकलेल्यांची नावं, वय, मोबाइल नंबर आणि नेमकं ठिकाण एकाच मेसेजमध्ये लिहून द्या. दहा जणांनी दहा ठिकाणी फोन केले की यादीत गोंधळ होतो.

वादही या इमारतीने पाहिले

नवीन सदन बांधलं गेलं तेच वादात. सरकारने ठेकेदाराला रोख पैसे देण्याऐवजी मुंबईत अंधेरीच्या आरटीओच्या जागेवरचे विकासहक्क दिले आणि त्या बदल्यात सदन बांधून घेतलं. टेंडर न काढता काम दिलं, असा आरोप झाला. २०१५ मध्ये लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने गुन्हा नोंदवला. मार्च २०१६ मध्ये ईडीने भुजबळांना अटक केली, मे २०१८ मध्ये त्यांना जामीन मिळाला आणि सप्टेंबर २०२१ मध्ये विशेष न्यायालयाने लाचलुचपतच्या गुन्ह्यातून त्यांना दोषमुक्त केलं. सोशल मीडियावर यातला एखादाच तुकडा फिरत असतो, म्हणून सगळा क्रम दिला.

जुलै २०१४ मध्ये तर जेवणावरून देशभर बोभाटा झाला. तेव्हा सदनाचं केटरिंग आयआरसीटीसीकडे होतं. जेवण खराब मिळतं म्हणून शिवसेनेचे खासदार चिडले आणि रोजा असलेल्या सुपरवायझरच्या तोंडात चपाती कोंबण्याचा प्रकार कॅमेऱ्यात आला. संसदेतही त्यावर गोंधळ झाला. तक्रार खरी असली तरी ती काढायची ही रीत नव्हती. मे २०२३ मध्ये सावरकर जयंतीच्या कार्यक्रमासाठी अहिल्यादेवी होळकर आणि सावित्रीबाई फुले यांचे पुतळे हलवल्यावरून पुन्हा वाद पेटला.

जेवणाचं निघालंच आहे तर हेही सांगायला हवं, की खोली नाही मिळाली तरी कँटीनमध्ये बाहेरच्या माणसाला जेवता येतं. दिल्लीतली मंडळी आंध्र भवनाच्या थाळीसाठी रांग लावतात, तशी साबुदाणा वडा, कोथिंबीर वडीसाठी इथं येतात. आठ दिवस राजमा-छोले खाऊन कंटाळलेल्या माणसाला तेवढंच बरं वाटतं. जेवणाच्या वेळा ठरलेल्या असतात आणि दारावर विचारपूस होते, म्हणून ओळखपत्र खिशात असू द्या.

आणखी एक पत्ता लिहून ठेवा: महाराष्ट्र परिचय केंद्र. हे सदनात नाही. ते कॅनॉट प्लेसजवळ बाबा खडक सिंग मार्गावर, राज्यांच्या एम्पोरियमच्या इमारतीत आहे, आणि राज्याच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाचं आहे. दिल्लीतल्या राज्याच्या घडामोडींच्या मराठी बातम्या हेच केंद्र देतं. विमानाने आलात तर एअरपोर्ट मेट्रोचं शिवाजी स्टेडियम स्टेशन तिथून जवळ पडतं.