कस्टम कीबोर्ड बनवताय? आधी यूएसबी पोर्टच्या संरक्षणाचं बघा

हिवाळ्यात स्वेटर काढताना चटचट आवाज येतो किंवा दाराच्या कडीला हात लावला की झटका बसतो. ही स्थिर वीज. असा झटका आपल्याला जाणवतो, तेव्हा त्याचा दाब साधारण 3,000 व्होल्टच्या घरात असतो. तो क्षणभरच टिकतो, त्यामुळे आपल्याला इजा होत नाही. पण केबल लावताना हाच झटका कीबोर्डच्या यूएसबी पोर्टमधून आतल्या चिपपर्यंत पोहोचला तर? ती चिप जेमतेम 3.3 किंवा 5 व्होल्टवर चालते. चिप गेली की सगळा कीबोर्ड बंद.

तयार कीबोर्डमध्ये ही काळजी सहसा कंपनीने घेतलेली असते. स्वतः सर्किट बोर्ड डिझाइन करून छापून घेणाऱ्यांना मात्र ती स्वतःच घ्यावी लागते. त्यासाठी लागणारे सुटे भाग अगदी स्वस्त आहेत.

फ्यूज कशासाठी?

सोल्डरचा थेंब चुकीच्या जागी पडला किंवा केसचा स्क्रू बोर्डला टेकला, तर 5 व्होल्टची लाइन आणि ग्राउंड यांचा शॉर्ट होतो. अशा वेळी कीबोर्डसोबत कॉम्प्युटरच्या पोर्टवरही ताण येतो. म्हणून 5 व्होल्टच्या लाइनवर, पोर्टजवळच, रीसेट होणारा फ्यूज लावतात. करंट वाढला की तो तापतो आणि त्याचा रोध वाढतो. दोष दूर होऊन थंड झाला की तो पुन्हा काम करू लागतो.

यूएसबी 2.0 मध्ये उपकरणाला जास्तीत जास्त 500 मिलिअँपिअर करंट घेता येतो, म्हणून त्याच आकड्याचा फ्यूज बहुतेक डिझाइनमध्ये दिसतो. रंगीत एलईडी लावणार असाल तर हिशेब करा. डब्ल्यूएस2812 प्रकारचा एक एलईडी पूर्ण पांढऱ्या उजेडात सुमारे 60 मिलिअँपिअर घेऊ शकतो, म्हणजे दहा एलईडी मिळून मर्यादा ओलांडतात. त्यामुळे फर्मवेअरमध्ये ब्राइटनेसला मर्यादा घालावी लागते.

मग फ्यूज पुरेसा नाही का?

नाही. फ्यूज तापायला वेळ लागतो आणि स्थिर विजेचा झटका एका नॅनोसेकंदाच्या आत शिखरावर पोहोचतो. शिवाय तो डेटाच्या दोन लाइनवरून, म्हणजे डी प्लस आणि डी मायनसवरूनही येऊ शकतो. तिथे टीव्हीएस डायोड लागतो. एरवी तो गप्प असतो. दाब अचानक वाढला की तो वाट उघडून झटका ग्राउंडकडे वळवतो. यूएसबीएलसी6-2 आणि पीआरटीआर5व्ही0यू2एक्स हे यासाठी नेहमी वापरले जाणारे भाग आहेत. त्यांची कपॅसिटन्स कमी असल्यामुळे डेटाच्या सिग्नलला अडथळा होत नाही.

खरी मेख जागेत आहे

डायोड बोर्डवर कुठेही बसवून चालत नाही. आयईसी 61000-4-2 या चाचणीत 8,000 व्होल्टचा झटका सुमारे 30 अँपिअरचं शिखर गाठतो, तेही नॅनोसेकंदाच्या आत. ढोबळ हिशेबाने, डायोडकडे जाणाऱ्या ट्रेसच्या प्रत्येक मिलिमीटरला सुमारे 1 नॅनोहेन्री इंडक्टन्स असतो. म्हणजे डायोडपर्यंत 5 मिलिमीटरचा फाटा काढला, तर फक्त त्या फाट्यावरच दीडशेच्या आसपास व्होल्ट तयार होतात. तेवढा जास्तीचा दाब चिपच्या वाट्याला येतो आणि डायोड असून नसल्यासारखा होतो.

म्हणून क्रम असा ठेवा: पोर्ट, लगेच डायोड, मग चिप. डेटाचा ट्रेस डायोडच्या पॅडवरूनच पुढे जायला हवा.

टाइप-सी पोर्ट असेल तर

टाइप-सीमध्ये सीसी1 आणि सीसी2 अशा दोन पिन असतात. प्रत्येक पिनपासून ग्राउंडपर्यंत 5.1 किलोओहमचा स्वतंत्र रेझिस्टर लागतो. तो नसेल तर ए-टू-सी केबलवर कीबोर्ड चालतो, पण सी-टू-सी केबलवर त्याला वीजच मिळत नाही. दोन्ही पिनना मिळून एकच रेझिस्टर लावण्याची चूक 2019 मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय 4 च्या पहिल्या बोर्डमध्येही झाली होती. त्यामुळे काही सी-टू-सी केबलवर तो सुरूच होत नव्हता. पुढच्या आवृत्तीत हा दोष दुरुस्त झाला.

ऑर्डर देण्याआधी तपासा

- फ्यूज पोर्टजवळ आहे का? पोर्टमधली सगळी वीज त्याच्यातूनच पुढे जाते का?
- डायोड पोर्टला लागून आहे का? त्याचा ग्राउंड पॅड व्हियाने थेट ग्राउंडच्या थराला जोडला आहे का?
- डी प्लस आणि डी मायनस जोडीने, जवळजवळ सारख्या लांबीचे आहेत का?
- सीसी पिनना दोन वेगळे रेझिस्टर आहेत का?
- पोर्ट वेगळ्या छोट्या बोर्डवर असेल, तर डायोड त्याच बोर्डवर आहे का?

बोर्ड छापून आल्यावर डायोडची जागा बदलता येत नाही. त्यामुळे ही पाच मिनिटांची तपासणी फाइल पाठवण्याआधीच करा.