दसरा काढणारे हात

वसंत व्याख्यानमालेत शरदातल्या कामाविषयी बोलावयास आम्ही उभे राहिलो, याचे काही श्रोत्यांस नवल वाटेल. बाहेर ऊन तापते आहे आणि आम्ही दसऱ्याची गोष्ट काढतो आहोत. परंतु आश्विन उजाडला म्हणजे या विषयावर ऐकावयास कोणास सवड नसते. बाया कमरेला पदर खोचून कामास लागलेल्या असतात आणि पुरुषमंडळी, आम्हीही त्यांत आलोच, ओसरीवरचे सामान हलवावे लागते म्हणून कुरकुरत असतात. तेव्हा हा विषय सवडीच्या ऋतूतच निघालेला बरा.

परभणीहून पूर्णेकडे निघाले की पिंगळीचे स्टेशन लागते. तेथील मातीच्या घरांत आम्ही वाढलो. नवरात्रापूर्वीच्या घरसफाईस आमच्याकडे ‘दसरा काढणे’ म्हणतात. “तुमचा दसरा निघाला का?” असे बाया एकमेकींस विचारीत. दसरा ही काढावयाची वस्तू आहे, ती घरातून ओढून बाहेर आणावी लागते, हे त्या शब्दांतच सांगितलेले आहे. घट बसण्यापूर्वी घरातील एकूणएक वस्तू अंगणात यावयाची. उतरंडीची मडकी, पेट्या, पाटा-वरवंटा, देवघरातील टाक, सारे. गोधड्या आणि वाकळा गाडीत घालून पाण्यावर न्यावयाच्या, खारात भिजवून दगडावर धोपटावयाच्या. मग भिंतींच्या भेगा बुजवावयाच्या, पांढऱ्या मातीचा पोतारा द्यावयाचा, ऐपत असेल तर चुना लावावयाचा, चौकटीस काव, भुईस शेणाचे सारवण, धान्याच्या कणगीस नवे लिंपण. आणि सर्वांत शेवटी दारावर झेंडूचे तोरण. आज ज्यास आपण सजावट म्हणतो तो या कामाचा केवळ शेवटचा हात होता. आधी दुरुस्ती, मग शोभा, असा तो क्रम.

हे काम आश्विनातच का, याचे कारण धर्मग्रंथात शोधण्याआधी भिंतीत शोधावे. मातीची भिंत चार महिने पावसात भिजते. तिचा पोपडा सुटतो, पायथ्याशी ओल चढते, भुईस कोंब फुटतात. पाऊस उघडला आणि ऊन कडक झाले की नवे लिंपण चांगले वाळते; त्याआधी केले तर ओल धरते. त्याच सुमारास मूग-उडीद घरात येऊ लागतात, तेव्हा कणगीची भोके बुजलेली असणे भाग. निंदणी संपलेली असते आणि कापसाची वेचणी अजून पुरती लागलेली नसते, म्हणून बायांस हे चार दिवस सापडतात. सापडतात म्हणजे विश्रांतीचे जे दिवस मिळाले असते ते असे खर्ची पडतात. सणाने या कामास मुहूर्त दिला, पण काम सणाच्या आधीचे आहे.

ते किती आधीचे, हे भूमीच सांगते. आपल्याकडे शेतजमिनीस ‘काळी’ आणि गावठाणास ‘पांढरी’ म्हणतात. पांढरी ही शेकडो वर्षे पडत, विरघळत आणि पुन्हा उभ्या राहत गेलेल्या घरांची माती आहे. तिच्यात भिंतींचा चुरा आहे, चुलीची राख आहे. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे अशाच पांढरीतून सातवाहनकालीन मणी व मातीच्या मूर्ती निघाल्या. रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या जमविल्या आणि त्यांच्या नावाचे वस्तुसंग्रहालय तेथे उभे राहिले. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून उत्खनन केले, तेव्हा तीन हजार वर्षांहून जुन्या शेतकऱ्यांची घरे उघडी पडली. कुडावर माती लिंपलेल्या भिंती आणि चोपून केलेल्या जमिनी तेथे सापडल्या. जमीन चोपली की ती पुढे राखावी लागते. ज्यांनी ती राखली त्यांचे नाव कोणत्याही शिलालेखात नाही.

वाङ्मयात मात्र त्यांची चाहूल लागते. तेराव्या शतकातील चक्रधरांच्या आठवणी ज्या लीळाचरित्रात आहेत, त्यात सडासंमार्जनाचे आणि रांगोळीचे उल्लेख सहज येऊन जातात. गंगाखेडची जनाबाई तर आपल्याच जिल्ह्याची. नामदेवाच्या घरची दासी असलेल्या या बाईने दळण, झाडलोट, शेणगोठा ही कामे अभंगांत आणली आणि त्या कामांत विठ्ठल आपल्याला हातभार लावतो असे सांगितले. भाविकांस त्यात देवाची माया दिसते. आम्हांस आणखी एक गोष्ट दिसते. त्या घरात मदतीस दुसरे कोणी येत नव्हते, म्हणून देवास यावे लागले.

दसरा काढण्यास लागणारे साहित्यही कोणाच्या तरी घामाचे होते. चुनखडी भाजून चुना करणारे लोणारी, पणत्या घडविणारा कुंभार, आणि शिंदीच्या पानांची केरसुणी बांधणारा मातंग. लक्ष्मीपूजनास नवी केरसुणी लक्ष्मी म्हणून पुजली जाते, तिला हळदकुंकू वाहिले जाते. जिने ती बांधली तिला मात्र त्याच घराच्या उंबऱ्याआत येण्याची मुभा नव्हती. त्याच्या काही दिवस आधी, खंडेनवमीस, पुरुष आपल्या हत्यारांची पूजा करतात. कारखान्यांत यंत्रांस झेंडूच्या माळा पडतात. साधनाचा मान करण्याची आपली रीत जुनी आहे. साधन चालविणाऱ्या हाताचा हिशेब करण्याची रीत मात्र आपण लावून घेतली नाही. येथे झेंडूचीही गंमत सांगावयास हवी. आपण ज्यास अगदी आपले फूल समजतो ते मूळचे मेक्सिकोचे. पोर्तुगीजांच्या काळात ते समुद्र ओलांडून आले. तिकडे आजही पितरांच्या सणास त्याच फुलांनी घरे सजतात. तेव्हा परंपरेतील प्रत्येक वस्तू अनादि असते असे कोणी मानू नये.

सरकारने या भिंतींकडे लक्ष दिले ते रोगराईच्या निमित्ताने. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, पुढच्या वर्षी पुण्यात पोचला. घरे उघडून, सामान बाहेर फेकून, औषध शिंपडून भिंतींस चुना फासण्यात आला. चुना तोच, पण आपल्या हाताने लावलेला आणि सोजिरांच्या पहाऱ्यात लागलेला यांत अंतर पडते; त्या संतापाचा शेवट २२ जून १८९७ रोजी रँडवरील गोळीबारात झाला. स्वातंत्र्यानंतर १९५३ साली हिवतापाविरुद्ध देशभर मोहीम निघाली आणि गावोगाव भिंतींवर डीडीटी फवारले जाऊ लागले. भिंतीवर बसलेला डास मरावा हा त्यातील हेतू. परंतु दसरा-दिवाळीस भिंत पुन्हा सारवली की औषध सारवणाखाली गाडले जाई. फवारणीवाले म्हणत, भिंती सारवू नका. घरच्या बाया म्हणत, सणाला भिंत तशी कशी ठेवावी? दोघांचेही म्हणणे खरे होते. पण ज्या हातांवर मोहिमेचे यश अवलंबून होते त्यांस आधी विश्वासात घ्यावे, ही बुद्धी कागदावरच्या योजनेस उशिरा सुचते.

आता या कथेतील कडू भागाकडे येतो. मराठवाड्याचे जुने घर म्हणजे दगडमातीच्या जाड भिंती, लाकडी खांब-तुळया, वर काड्या व पाला आणि त्यावर मातीचे माळवद. पावसाळ्यापूर्वी पुरुषमंडळी माळवदावर नवी पांढरी माती टाकीत. जुनी काढण्याचे कष्ट कोण घेणार? थरावर थर चढत गेले. कोठे कोठे ते दोन फुटांपर्यंत पोचले, म्हणजे चौरस मीटरमागे सुमारे एक टन ओझे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. गणपती नुकतेच पाण्यात गेले होते आणि घट बसावयास जेमतेम दोन आठवडे उरले होते. किती घरांत त्या दिवशी दसरा काढण्याची तयारी चालली असेल! धक्का आमच्या गावीही जाणवला. आम्ही अंगणात येऊन उभे राहिलो आणि आयुष्यात प्रथमच आपल्या माळवदाकडे भीतीने पाहिले.

दोष मातीचा नव्हता. भिंतीचे दोन पदर एकमेकांस सांधणारे लांब दगड घातलेले नव्हते आणि माथ्यावरचे ओझे कोणी मोजले नव्हते. वर्षानुवर्षे शिवलेली भिंत बाहेरून गुळगुळीत दिसत होती, आत ती सुटलेली होती. पुनर्वसनात पडलेली गावे नव्याने वसविण्यात आली, आणि इतर अनेक घरांसाठी माळवदाची माती कमी करणे, सांधदगड बसविणे, कोपरे बांधून घेणे असे मजबुतीचे उपाय ठरले. या कामात एक गोष्ट विशेष घडली. ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेमार्फत गावोगावच्या स्त्रिया संवाद सहायक म्हणून नेमल्या गेल्या. भिंत कशी बांधावी, सामान किती लागते, अनुदानाचा हप्ता केव्हा येतो, हे त्या घरोघर समजावून सांगू लागल्या. पिढ्यानपिढ्या ज्यांनी भिंतीस हात लावला त्यांस भिंतीविषयी बोलण्याचा अधिकार मिळावयास एवढा अनर्थ घडावा लागला.

किल्लारीनंतर मराठवाड्यात सिमेंटच्या घराची ओढ वाढली. त्याआधी सिमेंट परवान्याने मिळे. १९८२ साली ते अंशतः आणि १९८९ साली पूर्णपणे नियंत्रणमुक्त झाले, तेव्हा कोठे ते खेड्यापर्यंत मोकळेपणी पोचले. स्लॅब आला, फरशी आली, सारवण गेले. त्याबद्दल आम्ही गळा काढणार नाही. शेणाने हात चिरतात, चुन्याने बोटांच्या पेरांस भोके पडतात, हे आम्ही आमच्या आईच्या हातांवर पाहिले आहे. दिवाळीच्या फराळास मीठ-तिखट लागले की तिचे हात चरचरत. जुने ते सोने म्हणणाऱ्याने एक माळवदी घर एकदा एकट्याने सारवून पाहावे. मात्र घर पक्के झाले तरी दसरा निघावयाचा राहिला नाही. जाळी, पंखे, भांडी, चादरी यांचे काम उरलेच. रंगाचा डबा बाजारातून आला, तरी खडूसारख्या उडणाऱ्या भिंती घासणे घरच्याच माणसाकडे राहिले. आणि घरचे माणूस म्हणजे कोण, हे सांगावयास नको.

आमचे आयुष्य कामगार चळवळीत गेले. आमच्या चळवळीतही शरद ऋतूस एक ओळख आहे, ती म्हणजे दिवाळीचा बोनस. १९२४ च्या आरंभी मुंबईच्या गिरणी कामगारांनी बोनससाठी मोठा संप केला आणि त्यांस रिकाम्या हातांनी परतावे लागले. बोनस ही मालकाची मेहेरबानी नसून कामगाराचा हक्क आहे, हे कायद्याने मान्य व्हावयास १९६५ साल उजाडले. त्या कायद्याने किमान बोनस ४ टक्के ठरविला. तो पुढे ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा झाला. कामगाराच्या घरी चुना लागे, रंग लागे, तो पुष्कळदा याच पैशातून. शेतमजुरास व सालगड्यास मात्र त्या कायद्याने काही दिले नाही.

अशाच एका दिवाळीपूर्वी जिनिंगमधील कामगारांची सभा होती. बोनसच्या मागणीवर आमचे भाषण रंगले होते. मागे बसलेली एक झाडूवाली बाई उठली आणि म्हणाली, “दादा, जिनच्या भिंतीला चुना लावला की मजुरी मिळते. घरच्या भिंतीला लावला की नुसता दसरा होतो. त्याचा बोनस कुणाला मागायचा?” सभा हसली. आम्हीही हसलो. घरी आल्यावर अंगणात वाळत घातलेल्या गोधड्यांची रांग दिसली आणि हसू ओसरले. त्या आमच्या पत्नीने एकटीने धुतल्या होत्या, आणि आम्ही दिवसभर कष्टकऱ्यांच्या हक्कांवर बोलत होतो.

त्या बाईच्या प्रश्नास आकड्यांचा आधार पुढे मिळाला. २०१९ साली केंद्र सरकारने देशभर वेळेच्या वापराचे सर्वेक्षण केले. घरच्यांसाठी बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाचे सरासरी २९९ मिनिटे घालवितात आणि पुरुष ९७ मिनिटे, असे दिसले. शिवाय, असे काम करणारे पुरुषच मुळात थोडे. ही वर्षाची सरासरी आहे. दसऱ्याच्या आठवड्यात मोजणी केली तर काय दिसेल, याचा अंदाज श्रोत्यांनी आपापल्या घरावरून करावा.

राजांच्या वाड्यांचा इतिहास लिहिला जातो, कारण ते दगडाचे असतात आणि टिकतात. आमच्या गावाचे घर दरवर्षी विरघळत होते आणि दरवर्षी उभे केले जात होते; त्याचे टिकणे हेच मुळी कोणाचे तरी काम होते. ते काम होते, कौशल्य होते आणि त्यास मोल होते, एवढे मान्य करणे हा या इतिहासाचा आरंभ होय. मोल कोण देणार, हा प्रश्न मोठा आहे आणि तो आम्ही आज सोडवू शकत नाही. पण मजुरीच्या लढ्यात आम्ही एक धडा शिकलो आहोत. जे काम मोजले जात नाही त्याचे दाम कधी मिळत नाही. म्हणून येत्या आश्विनात प्रत्येकाने आपल्या घरी दसरा काढण्यास किती माणसांचे किती दिवस लागले, ते एका कागदावर मांडावे. आणि मांडता मांडता कुंचला हाती घ्यावा, गोधडीचे दुसरे टोक पिळावयास धरावे. आम्ही उशिरा का होईना, धरले आहे; ओली गोधडी किती जड असते हे आम्हांस पन्नाशीत कळले. इतके सांगून हे व्याख्यान पुरे करतो.