उद्वर्तन
उद्वर्तन : कोरड्या चूर्णाने त्वचा घासण्याची आयुर्वेदोक्त क्रिया. ‘अष्टांगहृदया’ने दिनचर्येत तिला स्थान दिले असून कफ व मेद कमी होणे आणि त्वचा नितळ होणे हे तिचे गुण मानले आहेत. सुश्रुताने खरखरीत वस्तूने घासण्याला ‘उद्घर्षण’ असे वेगळे नाव दिले. चेहऱ्यावर कोरडा ब्रश फिरवण्याची आजची पद्धत या उद्घर्षणाच्या जवळची आहे.

पावस गावासह रत्नागिरीच्या किनारपट्टीत उद्वर्तनाची परंपरा नरकचतुर्दशीच्या उटण्यात टिकून आहे. पहाटे तुळशीपुढे कारीट हे कडू फळ फोडतात, अंगाला तेल चोळतात आणि मग नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी, आंबेहळद यांचे चूर्ण लावतात. तेल आधी लावल्याने भरड चूर्णाचा ओरखडा उठत नाही. ही जुनी रीत खरोखर शहाणपणाची आहे.

घासल्याने वरच्या थरातील मृत पेशी निघतात व रक्ताभिसरण वाढून तात्पुरती लाली येते. सुरकुत्या मात्र जात नाहीत. चेहऱ्याची त्वचा नाजूक असल्याने ताठ केसांचा ब्रश तिथे वापरू नये. मुरुम, इसब, सोरायसिस किंवा उन्हाने भाजलेली त्वचा असल्यास चेहरा मुळीच घासू नये.